डाळिंबी साडीच्या चांदण्या

१२ नोव्हेंबर, बुधवार
नाताळचं काम आजपासून. जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली. गोंद, पुठ्ठे, सोनेरी रंग, चमकीच्या बाटल्या. वि. एकलहऱ्याहून शिफ्ट संपवून आले आणि हातात चहा घेऊन कप ठेवायला जागा शोधत उभे. "यंदा तरी माझ्या डब्यात चमकी नको. प्लँटमध्ये सगळे हसतात." लग्न झाल्यापासून हेच वाक्य. आणि डब्यात चमकी.
पंचवटीची पल्लवी ब्लाउज सैल करायला देऊन गेली, सोबत पिशवीभर साड्या. "सासूबाईंच्या आहेत मावशी. त्या आता गाऊनच घालतात. तुम्हाला नाताळाला चिंध्या लागतात ना?" चिंध्या कसल्या! एक डाळिंबी सुती साडी आहे, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. यंदाच्या चांदण्या तिच्याच.

१६ नोव्हेंबर, रविवार
उपासनेहून आल्यावर दुपारभर तेच. पुठ्ठ्याची चांदणी कापायची, दोन्ही अंगांनी कापड चिकटवायचं, कडेला सोनेरी रंग, टोकांवर चमकी. डझनभर झाल्या. शेवटी पदराचा तुकडा उरला, त्याची एक अगदी छोटी, तळहातात मावेल अशी.
कापड कोमट लागत होतं. उन्हात ठेवलेलं नव्हतं. साडीला कात्री लावली तेव्हा वाटलं की…
जाऊ दे. बोटं बधिर होतात हल्ली.

२३ नोव्हेंबर, रविवार
चर्चच्या आवारात महिला मंडळाची विक्री. देवदूत अजून पडून आहेत, डाळिंबी चांदण्या मात्र सगळ्या गेल्या. एक शेजारच्या बिल्डिंगमधल्या अनिताने नेली, एक जोसेफ सरांनी. सरांची बायको गेल्यापासून घरात काही सजावट नाही, मुद्दाम त्यांच्या हातात दिली. "दारावर लावीन," म्हणाले. चांदणी गालाला लावून बघितली त्यांनी. का, कोण जाणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार
पल्लवीचे ब्लाउज द्यायला पंचवटीत गेले. भाजीबाजारापाशी रिक्षावाल्याने हात टेकले, तिथून चालत. दुसऱ्या मजल्यावर घर. खिडकीत खुर्ची, खुर्चीत तिच्या सासूबाई. सगळे आक्का म्हणतात. "कुणाला ओळखत नाहीत आता," पल्लवी म्हणाली. "महिन्यात चार शब्द बोलल्या तर खूप."
मी जवळ जाऊन नमस्कार केला. आक्कांनी माझा हात धरला, उलटा करून बघितला. नखाशी चमकी होतीच.
"कात्रीवाली आली," म्हणाल्या.
पल्लवी चहा टाकायला निघाली होती, ती वळली. मग आक्का हसून, शेजारणीला सांगावं तसं, "निळं कपाट आहे गं, थंड. त्यावर कुत्र्याचं चित्र. पोरगा सारखा उघडतो, आई ओरडते."
चहा घेऊन निघाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
अनिताकडे तिचा डबा परत करायला गेले. स्वयंपाकघरात कधी गेले नव्हते. निळा फ्रिज. दारावर कुत्र्याचं स्टिकर. तिच्या मुलाने फ्रिज उघडला, अनिता ओरडली. फ्रिजच्या वर खिळ्याला माझी डाळिंबी चांदणी.
पाणीसुद्धा न पिता आले. वि.ना सांगितलं. "निळे फ्रिज काय कमी आहेत नाशकात?" खरंय.

१ डिसेंबर, सोमवार
हुक लावायचे राहिलेत असं खोटंच सांगून परत पंचवटीत. आक्का माझी वाटच बघत असल्यासारख्या. "आज मी खूप फिरले," म्हणाल्या. कुठे कुठे ते सांगत सुटल्या. एका घरात पोपट. एका घरी बाई शिवणयंत्रावरच झोपते. एका घरी म्हातारा, दाराशी खुर्ची टाकून बसतो, पाय सुजलेत, कुणाला सांगत नाही.
पल्लवीने मला बाहेर ओढलं. "मावशी, हे काय आहे? पण एक सांगू? आठवडाभर दोन्ही वेळा पोटभर जेवतायत. मला काल नावाने हाक मारली." डोळे भरले होते तिचे.
येताना जोसेफ सरांकडे डोकावले. दाराशी खुर्ची. मोजे घालून बसले होते. "सर, पाय दाखवा." लाजत दाखवले. टम्म.

४ डिसेंबर, गुरुवार
ठरवलं, सगळ्या चांदण्या परत मागून आणायच्या, कापड सोडवायचं, जोडायचं, आक्कांना नेऊन द्यायचं. आपण असल्या गोष्टी मानत नाही, पण दुसऱ्याचं काही आपण फाडलंय असं सारखं वाटतंय. हे आक्कांना बोलूनही दाखवलं.
"नको गं बाई," म्हणाल्या. "असू दे. एका खोलीत किती बसू?"

६ डिसेंबर, शनिवार
अजून कपडेही बदललेले नाहीत.
दुपारी पल्लवीचा फोन. मागे आक्कांचा आरडाओरडा ऐकू येत होता. "पडलाय! दूध उतू गेलंय, जाळ विझला, वास येतोय!" सरांना फोन लावला. नुसता वाजत राहिला. वि. नुकतेच आले होते. त्यांनी तशीच स्कूटर काढली. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. दार उघडलं तर गॅसचा भपकारा. सर ओट्याखाली आडवे, दूध ओघळून फरशीवर. खिडक्या उघडल्या, शेगडीचं बटण बंद केलं, दवाखान्यात नेलं. वाचले. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.
येताना वि. सिग्नलला गाडी थांबवून तसेच बसून राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "त्या बाईंना मला भेटायचंय."

११ डिसेंबर, गुरुवार
वि. भेटले. आक्कांच्या पाया पडले. मी त्यांना कधी कुणाच्या पाया पडताना पाहिलं नव्हतं.
पण आक्का आज निराळ्या. आखडून बसलेल्या, डोळे बारीक केलेले, जसं अंधारात बघतो.
"काय दिसतंय आक्का?"
"काळोख. बाहेरून कुलूप घातलंय. नळ टपटपतोय. पोरगी आहे."
"रडतेय का?"
"आधी रडायची."

१२ डिसेंबर, शुक्रवार
सगळी घरं पालथी घातली. अनिता, पोपटवाले, सगळे. चहा प्यायला म्हणून गेले, चांदणी कुठे लावली बघू म्हटलं. सगळीकडे दिवे, माणसं, फराळाची तयारी. मोठ्या चांदण्या सगळ्या सापडल्या. पदराची छोटी कुणाकडेच नाही.
मंडळाच्या शीलाला विचारलं. विक्रीच्या दिवशी मी चहाला गेले तेव्हा टेबल तीच सांभाळत होती. आठवलं तिला. "एक माणूस होता. हेल्मेट काढलंच नाही. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, पण शर्टाच्या आत खुपसलेलं. खिशात बसेल अशी द्या म्हणाला. मी विचारलं, घरी लहान मुलगी आहे का? तर हसला."
हसला म्हणजे कसा? शीलाला सांगता येईना.

१३ डिसेंबर, शनिवार
पोलीस चौकी. वि.ही आले. काय सांगायचं ते वाटेत ठरवत होतो आणि ठरत नव्हतं. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.
"मावशी, मी हसत नाय. मलापण पोरगी आहे. पण लिहू काय? नाव नाय, पत्ता नाय. कुणाची पोरगी हरवल्याची तक्रारपण नाय." मग वही मिटून, "आजींनाच विचारा ना पत्ता."
तसेच पंचवटीत जाऊन विचारला. आक्का कितीतरी वेळ कान देऊन बसल्या. "ठक् ठक् यंत्र चालतंय. भिंत हलते. तेलाचा वास. वर पत्रा."
वि. म्हणाले, "अंबड. एमआयडीसी."

१४ डिसेंबर, रविवार
आयुष्यात पहिल्यांदा नाताळाआधीच्या आगमनकाळात रविवारची उपासना चुकवली. अंबडला कंपन्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. स्कूटर लावून गल्ल्या तुडवल्या. रविवारीही कारखान्यांतल्या प्रेस-यंत्रांची धडधड चालू होती, छातीत ठक् ठक्. आणि बाहेरून कुलूप असलेल्या खोल्या किती! माणसं कामावर गेलेली. आजवर कुलूप दिसलं की आत कुणी नाही असंच समजत आले.
एका गल्लीच्या टोकाला शेवटची खोली. खिडकीला आतून पुठ्ठा. एक बाई कपडे धूत होती. "तो? एकटाच राहतो. कामावर गेलाय. लय बोलत नाय कोनाशी."
मी खिडकीपाशी गेले. आत नळ टपटपत होता. स्पष्ट. "कोणी आहे का?" म्हटलं.
टपटप थांबली.
वि.नी पण ऐकलं. म्हणजे ऐकू यायचं थांबलं ते त्यांनी पण ऐकलं. दार हलवून पाहिलं, कुलूप भक्कम. बाई संशयाने बघायला लागली. हवालदारांना फोन केला, आज त्यांची सुट्टी. "उद्या सकाळी येतो, तुम्ही काय करू नका."
काही केलं नाही. हे लिहिताना वाटतंय, का नाही केलं?

१५ डिसेंबर, सोमवार
खोली उघडी. कुलूपच नाही. हवालदार आमच्या आधी पोचले होते. आत एक सतरंजी, रिकामी बादली, नळ. कपडे धुणारी बाई म्हणाली पहाटे टेम्पो आला होता, सामान भरलं, आत कोण बसलं ते पाहिलं नाही. मालकाकडे त्याचं नाव आहे, ते खोटं निघालं.
खिडकीच्या खाली फरशीवर चमकी. सोनेरी, चिमूटभर.
हवालदारांनी बोटावर घेऊन बघितली. "ही तुमची?"
माझीच. पण माझ्या साडीला, पर्सला, केसाला डिसेंबरभर चमकी असते. मी जिथे उभी राहते तिथे पडते. तिथेच वाकून उभी होते मी. शपथेवर सांगता येणार नाही.
माझ्या हाकेने गेला का तो?

१८ डिसेंबर, गुरुवार
करंज्यांचं सारण तसंच पडलंय. वि. म्हणतात, तू हाक मारली नसतीस तर आत कुणी आहे हेही कळलं नसतं. मी म्हणते, कळून काय झालं?
पल्लवी सांगते, आक्का झुलतात. खुर्चीत बसल्या बसल्या, गाडीत बसल्यासारख्या. वळण आलं की कलतात.

२१ डिसेंबर, रविवार
हवालदार साध्या कपड्यांत पंचवटीत आले. मला फोन करून बोलावून घेतलं. साहेबांना सांगितलेलं नाही म्हणाले. आक्कांसमोर मांडी घालून बसले. "आजी, रस्त्यावर काय दिसतंय?"
"डोंगर. थंडी आहे रे बाबा. वारा लागतोय, चांगलं वाटतंय."
"पोरगी?"
"माझ्याशी बोलते. नाव नाही सांगत."
"एखादी पाटी दिसते का? गावाची, किलोमीटरची?"
"दिसते ना. मघापासून किती गेल्या." आणि ओशाळून त्यांच्याकडे बघितलं. "पण मला कुठं वाचता येतं?"
पल्लवी आत गेली आणि आत रडली. मग पाटी घेऊन बाहेर आली, तिच्या मुलाची जुनी, आणि खडू. आक्कांच्या मांडीवर ठेवली. "आई, जसं दिसतं तसं काढा."
आक्कांनी काढलं. वेलीसारखं काहीतरी. आम्ही सगळ्यांनी फिरवून फिरवून पाहिलं. एक अक्षर 'स' असेल. किंवा 'श'. किंवा नुसती वेल. हवालदारांनी फोटो काढून घेतला.

२४ डिसेंबर, बुधवार
दवाखान्यातून सर परत आले, आमच्याकडेच ठेवून घेतलंय. त्यांनी करंज्यांच्या कडा कातल्या, फार सुबक. तरुण संघाची मुलं गाणी म्हणत दारावर येऊन गेली. सरांनी सूर धरला. मी आत जाऊन उभी राहिले.
हवालदारांचा फोन. डोंगराकडच्या ठाण्यांना टेम्पोचं वर्णन पाठवलंय. "कशावरून म्हणून विचारलं तर मी खबऱ्याचं नाव सांगितलंय. खोटं. आजींचं नाय."

२७ डिसेंबर, शनिवार
पल्लवीने बोलावलं. आक्का परवापासून हललेल्या नाहीत. जेवण नाही, कूस बदलणं नाही, पाणी चमच्याने. उचलून पलंगावर न्यायला गेलं की नखं मारतात. डॉक्टरांना वाटतं आता शेवट जवळ.
मी गेले तेव्हा दुपारचं ऊन खुर्चीवर आलं होतं. आक्का ताठ, श्वास अगदी हळू, दोन्ही हात छातीवर असे धरलेले, जसं अंगावर काही असावं. घामेजल्या होत्या, पण चेहरा असा की…
पल्लवी कुजबुजली, "मावशी, विचारलं मी. म्हणतात, मी उठले तर पोरगी जागी होईल. कधीची नीट झोपली नव्हती."
खाली भाजीवाल्याने आरोळी दिली. आक्का दचकल्या आणि खिडकीकडे रागाने बघू लागल्या. पल्लवीने उठून खिडकी लावून घेतली. मी स्टूल ओढलं नाही, तशीच जमिनीवर बसले.
"आक्का, गाडी थांबली का?" अगदी हळू विचारलं. "कुठे आहात?"
त्यांनी मान हलवली नाही. फक्त एक हात छातीवरून काढला, सावकाश, आणि बोट ओठांवर ठेवलं.