मीठ पाण्यात असतं

२ मार्च, रात्री

बाबांचं बीपी १५०/९६. डेपोच्या डॉक्टरांनी त्यांचं बस चालवणं बंद केलं. महिन्याभराने पुन्हा तपासणार, तोपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही. मीठ कमी, भाज्या जास्त. आईने घरी आल्या आल्या टेबलावरची मिठाची बाटली उचलून कपाटावर ठेवली. बाबा तिच्याकडे बघत राहिले, कुणाला तरी स्टेशनवर सोडायला गेल्यासारखे.

मी जाहीर केलं, बाबांचं डाएट आजपासून माझ्याकडे. ताई म्हणाली, आधी तुझ्या गिटारचं काय झालं ते सांग. निगेटिव्ह माणसांना उत्तर द्यायचं नाही हे मी जानेवारीतच ठरवलंय.

३ मार्च

रिसर्च केला. पाच व्हिडिओ. ट्रॅडिशनल ग्रीक सॅलड करायचं. टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, आणि वर फेटा चीजचा अख्खा तुकडा. चुरायचा नाही. लेट्यूस तर अजिबात नाही. ताई म्हणाली, हॉटेलात असतं की लेट्यूस. मी समजावायला लागलो. ती अर्ध्यात उठून गेली. लोकांना ऑथेंटिक गोष्ट ऐकायची नसते.

५ मार्च

फेटा मेंढीच्या दुधाचा लागतो. दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मेंढ्यांशी आपली ओळख नाही. मग गाईचंच दूध घेतलं, लिंबू पिळून फाडलं, फडक्यात बांधून किचनच्या नळाला टांगलं. आईने विचारलं, मी भांडी कुठे घासू, गॅलरीत? ट्रॅडिशनल गोष्टींना थोडी अॅडजस्टमेंट लागतेच.

७ मार्च

फेटा ब्राइनमध्ये मुरत ठेवला. ब्राइन म्हणजे मिठाचं पाणी. आईचा आवाज चढला. पुडाच्या पुडा संपवलास, घरात बीपीचा माणूस आहे, काही वाटतं का. मी शांतपणे सांगितलं की मीठ पाण्यात असतं. ते पाणी आपण ओतून देतो. चीज त्यात नुसतं बसतं. सायन्स आहे हे. आई म्हणाली, तू शिकलेला, तुला माहीत. चला, कुणीतरी मान्य केलं.

ऑलिव्ह ऑइल घरात होतंच. पण लेबलवर गुडघ्याचा फोटो होता. नवीन आणलं.

१० मार्च

पहिलं सॅलड. वरून मिठाचा एक कणही घातला नाही. इथे लिहून ठेवतोय, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको.

बाबांनी आधी बाऊल लांब सरकवला. मग माझं मन राखायला फेट्याचा कोपरा तोडून तोंडात टाकला. थांबले. माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. नंतर खाली मान घालून सगळं संपवलं, तळाला साचलेलं पाणीसुद्धा पावाने पुसून. म्हणाले, रोज कर.

काकडी बघितली की उठून जाणारा माणूस. मला भरून आलं. हात असावा तर असा.

आईने चाखलं नाही. तिला चीजचा वास सहन होत नाही. ताईने काकडी तेवढी खाल्ली. म्हणे रिस्क नको.

१४ मार्च

बाबा म्हणाले, फेटा जरा मोठा ठेवत जा, काकडी कमी चालेल. टेस्ट डेव्हलप होतेय.

ऑलिव्हच्या बरणीत ऑलिव्ह आहेत, त्यांचं खारं पाणी नाही. बाबांना विचारलं. म्हणाले, सांडलं असेल. ओटा कोरडा होता. असो.

१९ मार्च, सकाळी

बाबा रोज बाल्कनीत उभे असतात. त्यांची बस चौकात वळली की नुसत्या ब्रेकच्या आवाजावरून सांगतात, हा नवा पोरगा गाडीला रडवतोय. चहा हातात गार होतो. मी म्हटलं, बाबा, एप्रिलमध्ये त्या सीटवर तुम्हीच. माझी गॅरंटी. बाबांनी कप कठड्यावर ठेवला. आत जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले. हल्ली पाणी भरपूर पितात. हायड्रेशन एकदम मस्त.

२५ मार्च

बाबांचा चेहरा भरलाय. आई म्हणते सुजलाय. आईला चांगलं काही दिसतच नाही. मोजे काढले की पायावर वळ दिसतात, पण तो मोज्यांचा प्रॉब्लेम.

ताई म्हणाली, मधेच एकदा बीपी मोजून घेऊ. मी म्हटलं, सारखं मोजलं की प्रोसेसवरचा विश्वास उडतो. बाबांनी चक्क माझी बाजू घेतली. म्हणाले, पोरगा एवढं मनापासून करतोय, राहू दे. आयुष्यात पहिल्यांदा.

१ एप्रिल

उद्या तपासणी. फेट्याची ताजी बॅच केली. डॉक्टरांसाठी एक डबा वेगळा भरला. त्यांनी बाकीच्या ड्रायव्हरांनाही सांगावं अशी माझी इच्छा आहे.

२ एप्रिल

१६८/१०४.

डॉक्टरांनी दोनदा मोजलं. मग विचारलं, खाता काय? बाबा खिशातलं पेन बघायला लागले. मीच सगळी रेसिपी सांगितली, ब्राइनसकट, आणि डबा उघडला. डॉक्टरांनी फेट्याचा तुकडा तोंडात टाकला आणि पाणी मागितलं. नंतर बराच वेळ गोळ्या लिहीत होते. अजून दोन महिने बस नाही.

येताना बसनेच आलो. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. प्रत्येक स्टॉप जवळ आला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. तिथे नुसता पत्रा होता.

मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं? म्हणाले, पहिल्याच घासाला. मग बोलला का नाहीत? म्हणाले, बोललो असतो तर तू बंद केलं असतंस.

मी म्हटलं, म्हणजे सॅलड आवडलं होतं तर. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, मीठ आवडलं होतं.

३ एप्रिल

आईने टोमॅटो, काकडी, कांदा चिरला. फोडणीचं तेल तापेपर्यंत झालंसुद्धा. फेटा नाही, ऑलिव्ह नाही. बरण्या ताईने खाली नेऊन टाकल्या. मी म्हटलं, टेक्निकली हे ग्रीक नाही. आईने ताटं वाढली.

बाबा एकेक काकडी बराच वेळ चावत होते. मी विचारलं, लिंबू पिळू का?

म्हणाले, पिळ. आता काय पिळायचं ते पिळ.

फ्रीज उघडला. लिंबं सगळी फेट्यात गेली होती.