शिंपीआजोबांच्या वॉकरची कुरकुर

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (समोर असताना मी नीट वाकतसुद्धा नाही, पत्रात मात्र आठही अंगं टेकते).

तुझा गुडघा कसा आहे? तू ‘ठणठणीत’ असंच कळवणार, तरी विचारते. मी मजेत आहे. सोबत एक फॉर्म आहे. चालण्याची साधनं बनवणाऱ्या कारखान्यात सुट्टीत दोन महिने शिकायला मिळतं. जागा एकच आहे, आणि मला ती इतकी हवी आहे की स्वप्नातही कुबड्या दिसतात. फॉर्मवर ‘वरील मजकूर खरा आहे’ अशी आईवडील सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाची सही लागते. आता तू पडलीस मुख्याध्यापिका (निवृत्त झालीस म्हणून काय झालं). सख्ख्या भावाच्या, म्हणजे आमच्या बाबांच्या, आजारपणाच्या अर्जावरसुद्धा तू थर्मामीटर लावून मगच सही केली होतीस. म्हणून एकेक चौकट समजावून सांगते.

अभ्यासातली आवड: ‘कंपन आणि आवाज’. भुवया खाली घे. या विषयात मी एकदा सपशेल आपटले आहे, हे खरं. पण आवड त्यानंतर लागली, ती कशी ते पुढे येतं. छंद: वस्तू उघडून दुरुस्त करणे. (जोडून झाल्यावर उरलेल्या स्क्रूंचा एक डबा आहे, त्याला फॉर्मात चौकट नव्हती. तुझा मिक्सर काय म्हणतो?)

समाजसेवेची चौकट मात्र बसून वाच. दर रविवारी मी हाडांच्या दवाखान्यात जाते. ऑपरेशन झालेली माणसं तिथे पुन्हा चालायला शिकतात. त्यांत एक शिंपीआजोबा आहेत. त्यांच्या वॉकरचं चाक असं कुरकुरायचं की अख्ख्या मजल्याचे दात शिवशिवायचे. सगळे वळून बघायचे, आजोबा ओशाळायचे आणि वीस पावलांत खाली बसायचे. मला कुठलं राहवतंय! वायसर बदलला, तेल सोडलं, आवाज गायब. दुपारपर्यंत मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुपारी आजोबाही गायब. मोठ्या सिस्टर त्या कुरकुरीवरूनच, आपल्या खोलीत बसून, आजोबा कुठे आहेत ते ओळखायच्या, हे मला तेव्हा कळलं. खाट रिकामी, व्हरांडा रिकामा. मी धावत सुटले. तीन गल्ल्या पालथ्या घातल्या, एक चप्पल तुटली, दुसरी हातात घेतली. (खेळ: धावणे. अनवाणी की कसं, हे फॉर्म विचारत नाही.) आजोबा सापडले ते स्वतःच्या जुन्या दुकानात. वॉकर धरून, उभ्या उभ्या, वाकडी कॉलर शिवल्याबद्दल मुलाला झापत होते. मी रडकुंडीला आले होते, तर शांतपणे म्हणाले, “आवाज येईना, कोणी बघेना. मग चालत राहिलो.”

सिस्टरनी सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केली आणि कुरकुर होती तशी परत करून द्यायला सांगितलं. आत्या, आवाज घालवायला पाच मिनिटं पुरली होती. हवा तेवढाच, हवा तेव्हाच काढायला तीन रविवार गेले. ज्या पुस्तकाने मला नापास केलं, ते मी पहिल्या पानापासून वाचलं, तेही आवडीने. शेवटी चाकाला एक छोटी पट्टी बसवली. दवाखान्यात ती खाली केली की कुरकुर, रस्त्यावर वर केली की आवाज बंद. आता दर रविवारी आजोबा आणि मी दुकानापर्यंत जाऊन येतो, सिस्टरना सांगून. माझ्या सेवेच्या चाळीस तासांवर सिस्टरनी सही केली आणि शेरा मारला, “कामसू आहे. तेलाची कुपी हाती देऊ नये.”

तेव्हा मजकूर खरा आहे. सही कर. फॉर्म बुधवारपर्यंत पोचायला हवा.

तुझी,
धावपटू भाची

ता. क. मिक्सर मीच बिघडवला होता. आता सगळंच खरं झालं.

ता. क. २. बाबा सांगत होते, तुझा वॉकर दाराआड उभा आहे, त्यावर टॉवेल वाळतात, आणि तो वाजतो म्हणून ऑपरेशनपासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. टपालपेटी फाटकापासून एकशे वीस पावलांवर आहे, लहानपणी तूच मला मोजायला लावली होतीस. मी शनिवारी कुपी घेऊन येते आहे (सिस्टरना कळवू नकोस). फॉर्म माझ्या हाती दिलास तरी मी घेणार नाही. तो पेटीत तूच टाकायचास. मी शेजारून चालेन, आणि कोणी वळून बघणार नाही.