रकाना नववा

मी, सुमित्रा गजानन आठल्ये, वय वर्षे ६१, निवृत्त प्राध्यापिका, राहणार सेक्टर १०, वाशी, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ती थोडी कमी शाबूत असती तर सुखाने जगले असते.

१. माझे लग्न झालेले नाही. वारस म्हणाल तर धाकटा भाऊ नंदकिशोर. त्याला वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. १९४९ साली परदेशी शिकायला जायची मला संधी आली, तेव्हा तो म्हणाला, आईला कोण बघणार? पुढच्याच वर्षी स्वतः मँचेस्टरला गेला. आईला मी बघितले. घड्याळ बंद आहे, दुरुस्ती त्याने करून घ्यावी.

२. माझा सूक्ष्मदर्शक तळवलीच्या शाळेला द्यावा. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर मुळीच देऊ नये. गच्चीवरच्या कुंड्या कोणालाही द्याव्यात, सोसायटीच्या सेक्रेटरींना सोडून. त्यांना त्या अडगळ वाटत होत्या.

३. राहता फ्लॅट विकावा आणि त्यातून, विज्ञान किंवा तंत्रज्ञानाच्या पुढील शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती द्यावी. तिला माझे नाव नको. अर्जात लग्न, सासर, वडिलांची संमती यांची चौकशी नको. वयाची अट नको. शिफारसपत्राच्या नमुन्यात आठच रकाने असावेत. नववा नसावा.

४. ही अंमलबजावणी वैजयंती नारायण सबनीस हिने करावी. ती माझी विद्यार्थिनी, समोरच्या इमारतीत राहते, बेलापूरला सरकारी कचेरीत टायपिस्ट आहे. तिने होकार दिला आहे, पण पुढचे तिला ठाऊक नाही. तेव्हा वैजू, हे तुझ्यासाठी.

१९७२ साली तू अमेरिकेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला शिष्यवृत्तीचा अर्ज केलास. शिफारसपत्र गोपनीय होते, मी ते परस्पर समितीला पाठवले. आठ रकाने मनापासून भरले. तुझ्याइतकी हुशार मुलगी मला पुन्हा भेटली नाही. नववा रकाना होता, 'इतर काही सांगण्यासारखे'. कोरा ठेवला असता तर चालले असते. मी लिहिले, 'मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. अभ्यासक्रम पुरा करील याची खात्री देता येत नाही.'

बोलणी चालू होती, तूच हसत हसत सांगितले होतेस. त्यात खोटे काही नव्हते. पण मी ते खरेपणापोटी लिहिले नाही. मला जाता आले नव्हते आणि तू निघाली होतीस. माझा जळफळाट झाला.

वेळीच कळवल्याबद्दल समितीने माझे आभार मानले. जागा दुसऱ्या कोणाला गेली. महिन्याभरात तुझे लग्नही फिसकटले. तू माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "बाई, नाही मिळाली. पण तुम्ही माझ्यासाठी एवढं लिहिलंत, ते मी विसरणार नाही."

ते बोलणे चौदा वर्षे माझ्या घरात राहते आहे. भर दुपारी, भांडी घासताना ऐकू येते. रेशनचा फॉर्म असो की बँकेचा, नजर आधी नवव्या रकान्यावर जाते, आणि तिथे माझे अक्षर दिसते. दर गुरुपौर्णिमेला तू अनंताची फुले आणून पाया पडतेस. मी पाय मागे घेते. तुला वाटते, गुडघे दुखतात. मी भित्री आहे, वैजू. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. आत्ताही तू आत चहा टाकते आहेस आणि आले किसू का म्हणून विचारते आहेस.

५. पत्रांच्या कार्बन प्रती ठेवायची मला सवय. ती प्रत हिरव्या फाइलीत आहे. मेल्यावर माफी मागणे सोपे आहे, म्हणून मागत नाही. राग आला तर ती प्रत फाड, हे कागद फाडू नकोस.

६. हे वाचून माझे काम करावेसे वाटले नाही, तर माझे वकील श्री. पंढरी गोठोस्कर दुसरे कोणी नेमतील. मग अर्ज करायला तू मोकळी. वयाची अट मी मुद्दाम ठेवलेली नाही. आज तू छत्तीसची आहेस. डॉक्टर म्हणतात, मी फार वेळ लावणार नाही.

सही: सुमित्रा गजानन आठल्ये

आमच्यादेखत सही केली. मजकूर आम्ही वाचलेला नाही:
१. डॉ. सुधीर वामन खानोलकर
२. सौ. मीना जयप्रकाश टिपणीस, शेजारी

वाशी, गुरुपौर्णिमा, दि. २१ जुलै १९८६