वीज गेली तेव्हा शंतनू काय म्हणाला

॥ श्री ॥

हुडकेश्वर, नागपूर
दि. २१ नोव्हेंबर १९८८

चि. सौ. कुसुमावती हीस,

दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. येथे आम्ही पितापुत्री कुशल आहोत. कन्हानच्या काठी तुम्हा उभयतांचेही कुशल असावे. नेहमीप्रमाणे शब्द माझे आणि अक्षर देवकीचे. डोळ्यांवरचे पटल दाट झाल्यापासून माझे वाचन तिच्या कंठातून आणि लेखन तिच्या बोटांतून चालते. सदर भागातील कचेरीतून ती कितीही थकून आली तरी त्याला कधी नाही म्हणत नाही.

आज एका शंकेसाठी लिहीत आहे. आमच्या ओळीत दूरदर्शन संच एकट्या ओमप्रकाशकडे, म्हणून दर रविवारी सकाळी सारे शेजारी त्याच्या घरी पौराणिक मालिका पाहण्यास जमतात. संचाला हार घालतात, उदबत्ती लावतात, पादत्राणे बाहेर ठेवतात. मला पडद्यावर केवळ रंग हलताना दिसतात. उरलेले देवकी कानाशी सांगते. काल देवव्रताची प्रतिज्ञा होती. वृद्धत्वाकडे झुकलेल्या शंतनू राजाचे मन धीवरकन्येवर जडले; तिच्या पित्याने अट घातली की राज्य तिच्याच पुत्रास मिळावे; राजा खिन्न होऊन परतला; आणि ती खिन्नता पाहून तरुण पुत्राने राज्यही सोडले व आजन्म ब्रह्मचर्यही पत्करले. ही कथा आपण वडिलांच्या तोंडून किती वेळा ऐकली. पुष्पवृष्टी झाली, रथ राजवाड्यासमोर थांबला, पुत्राने पित्याच्या चरणांवर मस्तक ठेवले, शंतनूने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, आणि वीज गेली. परत आली तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात चालू होती.

प्रघातानुसार मी पितृभक्तीवर थोडे निरूपण केले. सर्वांनी माना डोलावल्या. पण शेजारच्या रंभाबाई उठता उठता म्हणाल्या, गुरुजी, पोरानं देलं हे समजलं, पण बापानं घेतलं काहून? मी म्हणालो, पुत्राची प्रतिज्ञा पित्यानेही मोडू नये. त्यावर त्या म्हणाल्या, मोडू नये ते खरं, पण एक डाव नाही तं म्हणून पाहाचं होतं. ओमप्रकाशने मध्ये पडून सांगितले की, मौसी, राजानं म्हटलं असेल ना, तेवढ्यातच तर लाइट गेली. तेव्हापासून आमच्या ओळीत दोन पक्ष पडले आहेत. तुमच्या खाप्यास वीज होती काय? असल्यास शंतनू काय म्हणाला ते सविस्तर कळव.

डोळ्यांविषयी विचारलेस. मोतीबिंदू पिकला आहे, केव्हाही काढता येईल, असे डॉक्टर म्हणतात. परंतु घाई कसली? देवकीचे उच्चार स्वच्छ आहेत.

उमरेडच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या केशवरावांच्या स्थळाविषयी तू पुन्हा लिहिलेस. मी देवकीला स्पष्ट सांगितले की, तुझी इच्छा असेल तसे कर, मी तुला अडवणार नाही. माझे काय, पोथी मिटून ठेवीन. तिने विचार करून नाही म्हटले. तिचा निर्णय येथे तिच्याच हातचा लिहिलेला आहे, म्हणजे तुला संशयास जागा नको.

बाबनरावांस नमस्कार. आहे ती माया वाढती ठेव.

तुझा
दादा

*

खापा
दि. २७ नोव्हेंबर १९८८

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

कुसुमचा साष्टांग नमस्कार, वि. वि. पत्र पावले. अक्षर देवकीचे असल्याने तुमच्या रागाचे शब्दसुद्धा गोड दिसतात. देवकी, तू हे मोठ्याने वाचत असशील. यातले काही गाळू नकोस आणि दादांच्या बाजूने आवाज चढवू नकोस.

आमच्याकडे वीज होती. शंतनूचे तोंड उघडलेलेही पाहिले आणि मिटलेलेही. पण मी आत्ताच सांगणार नाही. लहानपणी बाबा पोथी वाचताना अध्याय मध्येच मिटायचे आणि पुढे काय झाले असेल ते आपल्याला सांगायला लावायचे. तुमचेच उत्तर नेहमी बरोबर यायचे, म्हणून आता तुम्हीच आधी सांगा. मूळ ग्रंथात त्या बापाने काय केले? आठवणीतून सांगू नका. देवकीकडून तेवढा अध्याय वाचून घ्या आणि मग कळवा. रंभाबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी विचारले ते मला विचारायचे होते.

इकडची हालहवाल अशी की, दिवाळीची लुगडी उतरली आणि आमचा माग मोकळा झाला. माग मोकळा असला की आमच्या ह्यांचा जीव लागत नाही, दिवसभर धोटा पुसत बसतात. पलीकडच्या गावचे मारोतराव मुलींच्या लग्नाची लुगडी विणून मागतात. मी अजून होकार दिलेला नाही. एकदा त्या उभ्या सुताचा ताणा मागाला लावला की होळीपर्यंत माग अडकला. आपल्या घरची रीत तुम्हाला आठवतच असेल: मुलीच्या लग्नाचे लुगडे आत्याने विणायचे, आणि बापाने आपण होऊन सुपारी पाठवल्याशिवाय आत्याने ताण्याला हात लावायचा नाही. माझ्या वेळी बाबा सुपारी घेऊन स्वतः उमरेडला आत्याकडे गेले होते. किनारीचे लाल रेशीम मी कधीचे बाजूला ठेवले आहे. ऊन दाखवून पुन्हा ठेवते.

केशवची आई भीमाबाई परवा येऊन गेल्या. पौष लागायच्या आत काय ते सांगा, म्हणाल्या. त्यांना दुसरीकडूनही विचारणा आहे. उन्हाळ्यात देवकी इथे आली होती आणि केशवही जेवायला होता, तेव्हा तो आणि ती धर्मराजाने द्यूत खेळावे की नाही यावर भांडत बसले आणि दोघांच्या ताटातला भात वाळून गेला, हे मी पाहिले आहे. देवकीला भात वाळवून बोलताना मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

उत्तराची वाट पाहते. लहान बहिणीवरचा लोभ कमी होऊ देऊ नये.

आपली
कुसुम

*

॥ श्री ॥

हुडकेश्वर, नागपूर
दि. २ डिसेंबर १९८८

चि. सौ. कुसुमावती हीस,

अनेक आशीर्वाद. तुझी खोड गेलेली नाही. तथापि प्रश्न योग्य होता म्हणून रागावलो नाही. काल सायंकाळी दिवाबत्ती झाल्यावर देवकीने तो अध्याय वाचून दाखवला. जे आढळले ते क्रमाने लिहवितो.

नकार नाही. मी दोनदा वाचावयास लावले. पुत्राचे दुष्कर कर्म ऐकून पिता संतुष्ट झाला आणि त्याने त्यास इच्छामरणाचा वर दिला, एवढेच आहे. रंभाबाईंच्या प्रश्नास ग्रंथात उत्तर नाही, हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले. त्या म्हणाल्या, तुमच्या पोथीतबी लाइट गेली म्हणाची. ओमप्रकाश इतका हसला की त्याच्या हातचा चहा सांडला.

परंतु शोधताना मला दुसरेच काही आढळले आणि त्याने माझे कुतूहल चाळवले आहे. पुत्राने खिन्नतेचे कारण विचारले तेव्हा शंतनूने त्या कन्येचे नावही काढलेले नाही. तो म्हणतो, मला पुन्हा विवाह करण्याची इच्छा नाही, तू शंभर पुत्रांहून अधिक आहेस. आणि लगेच म्हणतो की, एकच पुत्र असणे म्हणजे पुत्र नसण्यासारखेच, असे जाणते सांगतात. म्हणजे त्याने काहीही मागितले नाही. पुत्राला वृद्ध अमात्याकडे जाऊन खरे कारण विचारावे लागले. हे सर्व मी पन्नास वर्षे शिकवले आहे. परंतु शिकवताना माझे लक्ष सदैव पुत्राकडे होते.

या ठिकाणी देवकी वाचता वाचता थांबली. कंठ सुकला असेल म्हणून मी तिला पाणी घेण्यास सांगितले. ती म्हणाली, बाबा, यात राजा खोटे काय बोलला? मी विचार करून म्हणालो, खोटे काहीच नाही. ती बरे म्हणाली आणि पुढचा श्लोक वाचू लागली. तिने असे का विचारले असावे, ते मला समजले नाही. हेही तिला लिहावयास सांगितले आहे आणि ती लिहीत आहे.

आता तुझी पाळी. मालिकेतला शंतनू काय म्हणाला? आशीर्वाद आहेतच, ते निराळे लिहीत नाही.

तुझा
दादा

*

सदर, नागपूर
दि. ५ डिसेंबर १९८८

ती. सौ. आत्यास,

देवकीचा सा. नमस्कार. हे पत्र कचेरीतून, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. बाबांना ठाऊक नाही.

आत्या, भीमाबाईंना सांग की माझ्यासाठी थांबू नका. केशवरावांना वाईट वाटेल असे काही बोलू नकोस. त्यांच्यात काही उणे आहे असे त्यांना वाटायला नको. धर्मराजाबद्दल त्यांचेच म्हणणे बरोबर होते, एवढे हवे तर सांग.

तू रागावशील. पण बाबांनी मला एका शब्दानेही अडवलेले नाही, आणि म्हणूनच मला भांडता येत नाही. अडवले असते तर मी भांडले असते, तू मला ओळखतेस. रोज संध्याकाळी मी फाटक उघडले की ते पोथीचे फडके सोडून बसलेले असतात. वाचता येत नाही तरी पान बरोबर काढून ठेवलेले असते.

मारोतरावांच्या लुगड्यांना होकार दे. माग रिकामा ठेवू नकोस.

तुझी
देवकी

*

खापा
दि. ९ डिसेंबर १९८८

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी,

कुसुमचा नमस्कार, वि. वि. आता शब्द पाळते. मालिकेतल्या शंतनूने देवव्रताला उठवले, छातीशी धरले आणि तो फार रडला. त्याचे रडणे खरे वाटले, आमच्या दारात बसलेल्या सगळ्या बायकाही रडल्या. मग त्याने तो वर दिला. पुत्रा, प्रतिज्ञा मागे घे, असे तो म्हणाला नाही. म्हणजे वीज असलेल्यांनाही तुमच्यापेक्षा काही जास्त मिळाले नाही.

आमचे हे सांगत होते की बापाने पोराला मरणाची सोय करून देली, जगण्याची सोय कोणी केली नाही. मी म्हटले, तुम्ही धोटा पुसा. पण रात्रभर तेच डोक्यात होते.

दादा, तुम्ही लिहिलेत की शंतनूने काही मागितले नाही. मला वाटते म्हणूनच त्याला नकारही देता आला नाही. ज्याने मागितलेच नाही तो परत काय करणार? त्याला आधी कबूल करावे लागले असते की त्याला हवे होते. तुम्ही विद्वान आहात, माझे चुकत असेल तर सांगा. मी पोथी वाचलेली नाही, बाबांच्या मांडीवर बसून ऐकलेली आहे. तुम्ही ऐकायचात देवव्रत होण्यासाठी. मला तर तो रथात बसलेला एकटा पोरगा आठवायचा आणि जेवण जायचे नाही.

आणखी काही लिहीत नाही. लिहिले तरी ते देवकीलाच वाचावे लागेल, आणि तिचा आवाज फार स्वच्छ आहे. वाचताना तिच्या मनात काय आहे ते तो लपवू शकतो, हे तुमच्या लक्षात आले नसेल.

मारोतराव येत्या आठवड्यात उत्तर घ्यायला येणार आहेत. भीमाबाईंना मी अजून काहीच कळवलेले नाही.

चरणांशी ठेवावे.

आपली
कुसुम

*

श्री

हुडकेश्वर
दि. १४ डिसेंबर

चि. कुसुम,

आशीर्वाद. हे माझे अक्षर आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. मी लिहिलेले मला दिसत नाही, तेव्हा जपून वाच. देवकी कचेरीत आहे. ओमप्रकाश पाकीट टपालपेटीत टाकणार आहे.

तुझे पत्र तिने वाचून दाखवले. कुठेही थांबली नाही. तिच्या आवाजाविषयी लिहिलेस तेथेही नाही. वाचून झाल्यावर घडी घातली आणि विचारले, आज कोणता अध्याय काढू. मी म्हणालो, आज नको. पुष्कळ वर्षांत मी प्रथमच नको म्हणालो असेन, कारण ती दिव्याजवळ तशीच उभी राहिली.

काल ओमप्रकाशबरोबर डॉक्टरांकडे गेलो. येत्या सोमवारी मोतीबिंदू काढणार.

आज सकाळी ती निघण्यापूर्वी बोललो. तुझी इच्छा, हे शब्द वापरले नाहीत. म्हणालो, देवकी, तू इथे राहावीस असे मला वाटत होते. फार वाटत होते, आणि ते मी तुला सांगितले नाही. ते मी आता परत घेतो. केशवराव नको असतील तर खुशाल नको म्हण, पण त्या उत्तरात माझे नाव येता कामा नये. तिने डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, डोळ्यांत थेंब कोण घालणार? मी म्हणालो, रंभाबाई. ती म्हणाली, बाबा, रंभाबाईंचे थेंब कानात जातील. मी म्हणालो, तर कान स्वच्छ होतील, आयुष्यभर त्यांनी कमीच ऐकले.

ती हसली की रडली ते मला दिसले नाही. चपला घालून गेली. फाटक वाजले. पुन्हा वाजले. परत आली होती. दारातूनच विचारले की, बाबा, उमरेडला रविवारची मालिका नीट दिसते का हो?

मला माहीत नाही. तू विचारून कळव.

सुपारी पाकिटात घातली आहे. बाबांसारखे स्वतः यायला हवे होते. डोळा झाला की येईन. रंग तिला विचारीन, पण किनार ते लाल रेशीमच घे. मारोतरावांना नाही सांग. ताणा लाव.

तुझा
दादा