गुलाबी रिंगचा ब्रश

३ नोव्हेंबर
शुद्धलेखन चुकेल, माफी. टायपिंगपन एका बोटाने, हळू. आठवीत शाळा सोडली. माफी कोनाला मागतोय म्हायीत नाय, वाचनार मीच.
कळंबोलीला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. हिरड्यांतून रक्त येतं. काउंटरवर रंजिता असते. तिने विचारलं, तंबाखूची मिश्री लावतोस का? मान हलवून नाय बोललो. तोंड उघडलंच नाय. मग बोलली, इलेक्ट्रिक ब्रश घे, जोरात दाबू नको, दोन हेडवाला घे, एका मशीनवर दोघांचं होतं.
दोघांचं! सरळ इशारा हाय.

४ नोव्हेंबर
ठराव. मिश्री बंद. २४ तारखेला परत बोलवलंय. तोपर्यंत हिरड्या टकाटक. मग दात दाखवून हसायचं आनि रंजिताला चहाचं विचारायचं.

६ नोव्हेंबर
धनेशच्या दुकानातून ब्रश घेतला. तो बोलला, सेलवाला घे ना, तुझ्या थोबाडाला बस झाला. मी चार्जिंगवालाच घेतला. जास्त दाबलं की लाल लाईट लागते. दोन हेड, एकाला निळी रिंग, एकाला गुलाबी. निळं माझं. गुलाबी कपाटात, आयच्या साड्यांखाली. तिचं.

७ नोव्हेंबर
मिश्री नाय तर पोट साफ नाय, डोकं जड. आय बोलली, बाबू, चिमूटभर लाव, कोन बघतंय. लावली. औषध म्हनून. मोजायची नाय.

९ नोव्हेंबर
आयडिया. मिश्री ब्रशवरच घेतली. बटन दाबलं, सगळी भिंतीवर. आयच्या वाळत घातलेल्या साडीवरपन. बोलली, तोंड धुतोस का गिरन चालवतोस रे? चूक कंपनीची. खोक्यावर लिहायला नको?

१४ नोव्हेंबर
रक्त वाढलं. म्हंजे खराब रक्त निघतंय. लाल लाईट सारखी लागते, म्हंजे हातात जोर हाय.

२१ नोव्हेंबर
तिचा मेसेज. ‘प्रितम दादा, २४ ला साडेपाच वाजता या.’ दादा पेशंटला लिहावंच लागतं, नोकरी हाय. पन शेवटी स्माईली. ती काय डॉक्टरने सांगितली नसनार.

२३ नोव्हेंबर
शेजारच्या काशिराम काकाची म्हैस हरवलीय, सगळे शोधायला गेलेत. आरशात हसून बघितलं. लगेच बंद केलं. आरसा जुना हाय.

२४ नोव्हेंबर
डॉक्टरांनी तोंडात बघितलं. बोलले, मिश्री. एवढंच. रंजिता बाजूलाच उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बोलली, अरे दादा, सांगायचं ना, आमचे आजोबा पण लावायचे, लाजायचं काय त्यात.
मी चहाचं बोलनार, तर तोंडात कापूस. तिने पेढा कागदात बांधून हातात दिला. रविवारी साखरपुडा झाला. मुलगा खारघरचा. बोलली, ब्रश मस्त आहे ना? आम्ही पण तोच घेतला, दोघांत एक.
मी मान हलवली. तिला ते अभिनंदन वाटलं, थँक्यू बोलली.

२५ नोव्हेंबर
गुलाबी हेड जागेवर नाय. आयला सापडलं. त्याच्यावर मिश्री घेऊन बसली होती, मशीन बंद ठेवून. बोलली, मऊ हाय रे बाबू, लागत नाय, तुला बरं सुचलं माझ्यासाठी. मी हो बोललो.

२७ नोव्हेंबर
आज मिश्री लावली नाय. का नाय लावली काय म्हायीत. आता कोनाला दाखवायचंय. पेढा खाल्ला. हिरडीला लागला, तरी सगळा खाल्ला. मोबाईलमध्ये तो मेसेज अजून हाय, तो… जाऊ दे.
काशिराम काकाची म्हैस सापडली. लोखंड बाजारात उभी होती.