पलंग आणि सातवीचा वर्ग

तीर्थस्वरूप ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुला झोप लागावी आणि भावोजींचा खोकला त्यांच्याइतका हट्टी राहू नये, अशी देवाजवळ रोज मागणी करतो. इकडे आम्ही खुशाल. तुझा जुना पलंग या रविवारी आमच्याकडे पाठवतेस, हा निरोप पोचला. तो मावेल अशी घरात एकच जागा आहे, खिडकीजवळचा कोपरा, जिथे मी पहाटे देवाचे नाव घेत बसतो. (हे सहज लिहिले, तक्रार नव्हे.) त्याविषयी पुढे लिहीनच. आधी शाळेत काय झाले ते सांगतो.

गुरुवारी भाषेच्या बाई आजारी पडल्या आणि मुख्याध्यापकांनी मला सातवीवर पाठवले. मी ग्रंथालयातला बाइंडर. माझा संबंध खळ, दोरा आणि पुठ्ठ्याशी. पण त्यांचे म्हणणे, "पंचवीस वर्षं पुस्तकांत हात घालून बसलायत, तासभर बोलायला काय जातंय?" धडा होता कथेची रचना. बाईंनी फळ्यावर डोंगर काढून ठेवला होता: पायथ्याशी सुरुवात, चढावर संघर्ष, माथ्यावर कळस, पलीकडे उतार. (आपल्या गावच्या शाळेत डोंगर खिडकीबाहेरच होता, त्यामुळे फळ्यावर काढायची वेळ कधी आली नाही.) मला त्यातले काही उमगेना, म्हणून उमगते ते दाखवले. दुरुस्तीला आलेले गोष्टींचे पुस्तक मिटून मुलांसमोर धरले. पुस्तक मिटले की पानांच्या कडेला मळाचा काळा पट्टा दिसतो. म्हटले, इथे उघडा, भांडण सापडेल. उघडले, तर दोन नावाडी एकमेकांच्या उरावर बसलेले. सुखी माणसांची पाने कोरी करकरीत राहतात, त्यांना कोणी बोट लावत नाही. मागच्या बाकांवरची मुलेही पट्टा बघायला पुढे आली. मला जरा अभिमान वाटला. पण देव माझ्या अभिमानाला फार वेळ देत नाही.

कारण मुलांनी लगेच दुसरे उदाहरण मागितले आणि मला तुझ्या पलंगाखेरीज काही आठवेना. (तुझे नाव घेतले नाही. 'एक थोरली बहीण' एवढेच म्हटले.) एका माणसाला कोपरा हवा आहे, बहिणीला तिथे पलंग पाठवायचा आहे. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे वकीलबाई म्हणतात. तिने विचारले, "मग तो काय करतो?" म्हटले, समजून घेतो. "आणि?" आणि स्वयंपाकघरात डब्यांकडे तोंड करून बसतो. "काका, ही गोष्ट नाही झाली. ही नुसती गैरसोय झाली."

मागून एकाने विचारले, "त्याला कोपरा हवाय, हे बहिणीला माहितीये का?" मी म्हणालो, तिने ओळखायला हवे. यावर वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून गुरुजी डोकावून गेले. मग मुलांनी तुला खलनायिका ठरवायला घेतले. मी सक्त हरकत नोंदवली. सांगितले, आई गेल्यावर तिने स्वतःची शाळा सोडून त्याला शाळेत घातले. वकीलबाईने हे वहीत लिहून घेतले. म्हणाली, "मग अवघड आहे. म्हणजे गोष्ट चांगली आहे." शेवटी हात वर करून मते घेतली. असे ठरले की बहीण निर्दोष आहे. आडवे येते ते त्या माणसाचे स्वतःचे तोंड, जे उघडत नाही.

घरी येऊन हे तुझ्या भावजयीला सांगितले. ती म्हणाली, "पोरांना एका तासात कळलं. मला वीस वर्षं लागली."

असो. पलंगाचे स्वागतच आहे.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. — वरचे शेवटचे वाक्य सवयीने लिहिले गेले. खाडाखोड बरी दिसत नाही म्हणून ठेवले आहे. वाचू नये.

ता. क. दुसरा — ताई, पलंग नको. तो कोपरा मला हवा आहे. (एवढे लिहीपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागला.)

ता. क. तिसरा — त्यातला एक कप टेम्पोवाल्याचा. आज रविवार. तो सकाळी नऊपासून दारात आहे आणि पलंगावर बसूनच विचारतो आहे, "उतरवू की नको, एकदा काय ते सांगा, साहेब." आत्ताच सांगितले. हे पत्र टपालात न टाकता त्याच्याच हाती देतो आहे, म्हणजे तू वाचशील तेव्हा पलंग तुझ्या दारात असेल. त्याला बजावले आहे की ताई एक बाजू उचलायला स्वतः पुढे येतील, त्यांना हात लावू देऊ नको. आणि त्या बोलल्या, तर मुकाट्याने ऐकून घे, ते सगळे माझ्यासाठी असेल.