ताई, गायिका गेली ती

ती. ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, आईला तसंच सांग.

आपली लाडकी गायिका गेली, हा तुझा मेसेज मी लाँड्रीत चादरींना इस्त्री करताना वाचला. तिने आजार शेवटपर्यंत कुणाला कळू दिला नाही म्हणे. फोन केला असता तर नुसती रडले असते, म्हणून पत्र.

इथे तिचं नावही कुणाला ठाऊक नाही. माझे डोळे बघून मुकादमबाईंनी विचारलं, "घरचं कुणी गेलं का गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मोठी बहीण." रागावू नकोस.

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "कशी होती?" म्हणाल्या. मी सांगत सुटले. आवाज कसा होता, तिच्या गाण्याने माझं रडं कसं थांबायचं, शाळेत जाताना माझी वेणी किती घट्ट घालायची. वेणी तर तू घालायचीस, हे बोलता बोलताच लक्षात आलं.

ताई, तुझ्या गाठीचा रिपोर्ट एव्हाना आला असेल. त्याबद्दल तू अवाक्षरही काढलं नाहीस. जे असेल ते मला सांग.

तुझीच,
ठकू